दर्याबेगम, माझी सवत

अर्धापूर, ८ फेब्रुवारी २०२५

अहो,

पत्र बघून हसाल. लग्न ठरल्यावर तुम्ही मला एकच पत्र लिहिलं होतं आणि मी ते लाल पेनानं तपासून परत पाठवलं होतं. तेव्हापासून आपलं फोनवरच भागलं. आता तुमच्या नंबरावर एक बाई बोलते, हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणते. साडेपाच वर्षं तिचं तेच पालुपद. तिच्याशी बोलून बेजार झाले, म्हणून पेन काढलं. पत्ता कुठला टाकायचा ते नंतर बघू.

घरचं बरं आहे. केळीचे घड यंदा भरले आहेत. शिवांगी जूनमध्ये पहिलीत जाईल. नाक तुमचं आणि जबान माझी, त्यामुळं बालवाडीच्या बाईंना तिनं जेर केलंय. तुम्ही तिला फोनच्या पडद्यावर बघितलं तेवढंच. पप्पा कुठं आहेत विचारलं की मी म्हणते, जहाजावर. खोटं तर नाही ना.

बरं नाही ते आईंचं. संक्रांतीपासून तुम्ही त्यांच्या सपनात येऊन राहिलात. दारात उभे राहता म्हणे, अंगावरचे कपडे ओले, पायाखाली पाण्याचं थारोळं. आई म्हणतात, "आत ये की रं हरिओम." तुम्ही येत नाही आणि जातही नाही. सकाळी उठून आई चौकटीवर कोरडा टॉवेल टाकतात. मी काढला की परत टाकतात. आता त्यांनी धोशा लावलाय, लेकराला पाणी मिळालं पाहिजे, त्याचा पालाशविधी करा. पळसाच्या पानांचा पुतळा करतात, ज्याचं शरीर सापडलं नाही त्याच्या नावानं त्याला अग्नी देतात, मग दहावं-तेरावं. अग्नी बापानंच द्यायला पाहिजे.

आणि आबा तयार नाहीत. "जित्या पोराचा पुतळा जाळू व्हय?" म्हणाले आणि ताटावरून उठले. त्यांचं म्हणणं तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचं जहाज, ती दर्याबेगम, ज्या रात्री बुडाली, त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही त्यांना फोन केलात आणि सांगितलंत, आबा, नांगर धरत न्हाई. आपल्या घरात शेती हा शब्दच नाही, ट्रॅक्टर येऊन वीस वर्षं झाली तरी आबांच्या तोंडी 'नांगर धर' एवढंच. दहावीपासून ते तुमच्या मागं हेच लागले होते. आबा म्हणतात, "जो मानूस बापाला तोंडावर सांगतो नांगर धरत न्हाई म्हनून, त्यो मराया चालला नसतो, घर सोडाया चालला असतो. रुसला हाय त्यो. यील." जहाजावर चौघं होते, दोघांची प्रेतं मिळाली, एक पोहून आला आणि तुमचा पत्ता नाही. आबांचा सगळा जीव त्या एका वाक्यावर लटकलाय.

मला कुणी विचारलं नाही मला काय वाटतं. निम्मी गल्ली हळदीकुंकवाला बोलावते, निम्मी टाळते. मी मेलेल्याची बायको की रुसलेल्याची, ते एकदा ठरू द्या. मला दोन्ही चालेल, मधलं चालत नाही.

वर्षाराणी


अर्धापूर, २ मार्च

अहो,

तुमच्या सवतीची, म्हणजे माझ्या सवतीची, कुंडली काढायला बसले आहे. तुमच्या जहाजाच्या कंपनीचं ते गुळगुळीत इंग्रजी पुस्तक तुम्ही पहिल्या दिवाळीला आणलं होतं, ते शब्दकोश घेऊन वाचते. ज्या बयेपायी नवरा गेला तिचं घराणं तरी कळू द्या.

घराणं मोठं आहे. मुंबईच्या गोदीत पारशी मिस्त्र्यांच्या हाताखाली बांधलेली, अंगभर सागवान, तीन डोलकाठ्या, चव्वेचाळीस तोफा. अरबस्तानातल्या कुणा सुलतानानं करवून घेतली आणि त्यानंच नाव ठेवलं, दर्याबेगम. पाण्यात सोडली त्या दिवशी नारळही फोडला आणि फातेहाही वाचला. पुस्तकात लिहिलंय, सागवान मलबारचं. तुम्ही गावात सांगत सुटला होता की लाकूड आपल्या किनवटच्या रानातलं, गोदावरीतून वाहत गेलेलं. अहो, गोदावरी पूर्वेला जाते आणि मुंबई पश्चिमेला. चौथीतल्या पोरीला कळतं हे. पण तुम्हाला तिच्याशी सोयरीक जोडायचीच होती, त्याला कोण काय करणार.

तिची जवानी चाच्यांशी लढण्यात गेली. एकदा शत्रूनं तिच्यावर जळती होडी सोडली. बाजूची दोन जहाजं जळून गेली, ही नुसती काळी पडली. अंगावर चाळीस माणसं मेली तिच्या, हिला खरचटलं फक्त. पुढं सुलतानाचं इंग्रजांशी गूळपीठ झालं आणि त्यानं ती भेट देऊन टाकली. गोऱ्यांनी नाव बदललं, कुठल्याशा राणीचं ठेवलं. दुसऱ्याच्या घरात गेली, नवं नाव घेतलं, नांदायला लागली. मला त्या पानावर तिची जरा कणव आली होती. लगेच गिळली.

तिच्या फळीचा तुम्ही केलेला पाट अजून देवघरापुढं आहे. खिळ्याच्या भोकात तुम्ही लाकडाची गुटी बसवली आहे, ती हाताला लागतही नाही. पण एक सांगते. दमट हवा असली की त्या पाटाला मीठ फुटतं. पांढरी बुरशी समजून मी पुसायचे. परवा शिवांगीनं बोट लावून चाटलं आणि म्हणाली, "मम्मी, खारट हाय." मी तो पाट धुतला, उन्हात ठेवला, तेल पाजलं. दोन दिवसांनी परत तसंच. आई त्या मिठाला हात जोडतात. आबा त्याच्यावर बसत नाहीत, ओलांडतही नाहीत, लांबून वळसा घालून जातात. ज्याला पोरगा जिवंत वाटतो त्यानं पाटाला कशाला भ्यावं, हे मी त्यांना विचारलं नाही.

वर्षाराणी


अर्धापूर, १९ एप्रिल

अहो,

ऊन मी म्हणून राहिलंय. दुपारी पाट तडतडतो. लाकूड तापलं की वाजतं हे मला कळतं, तरी प्रत्येक वेळी मी दाराकडं बघते. आई तर उठून कडीच काढतात.

आईंनी आता आंघोळीचं दुसरं पाणी काढून ठेवायला सुरुवात केली आहे. म्हणतात, खाऱ्या पाण्यानं अंग चिकट झालं असंल लेकराचं. मी रागावले. नंतर मीच त्या बादलीत लिंबाचा पाला टाकला. कुणाला सांगू नका, पण संध्याकाळी ती बादली रिकामी करताना मला रोज भीती वाटते की पाणी कमी झालेलं असेल.

सवतीचं पुढचं. राणी झाली आणि चीनच्या लढाईवर गेली. अफूसाठी लढाई, तीही आपल्याकडच्या शिपायांना कोंबून नेऊन. वाटेत पटकी लागली. पुस्तकात ओळ आहे, रोज सकाळी मेलेल्यांना वजन बांधून पाण्यात सोडत. तोफेचे गोळे बांधून संपले तेव्हा चुलीचे दगड बांधले. त्या शिपायांच्या घरीही कुणीतरी चौकटीवर टॉवेल टाकला असेल. पालाशविधी केला असेल का, की त्यांच्या आबांनाही वाटलं असेल, रुसलाय?

पुढं आगबोटी आल्या आणि हिची शिडं उतरवली. डोलकाठ्या कापल्या, खिडक्यांना गज लावले आणि कैद्यांचा तुरुंग केला. तेव्हा नावही काढून घेतलं, नुसता आकडा. मग कोळशाचं कोठार. मग अनाथ पोरांना खलाशी करायची शाळा. त्यानंतर कुणा व्यापाऱ्यानं कोकणातल्या एका खाडीत आणून ठेवली आणि ती तिथं चिखलात रुतून राहिली. बांधणारे मेले, मालक मेले, लढणारे, कैदी, पोरं, सगळे मेले. ही राहिली. शेवटी तुमची कंपनी आली, हिचं आतून हॉटेल आणि बाहेरून संग्रहालय करायचं म्हणून, आणि तिला तिचं माहेरचं नाव परत दिलं. सुतारकाम करायला आयटीआय झालेली पोरं पाहिजेत अशी जाहिरात नांदेडच्या पेपरात आली, ती मीच तुम्हाला वाचून दाखवली होती.

वर्षाराणी


लातूर, ११ मे

अहो,

माझ्या भावाकडून लिहून राहिले. काल उदगीरला जाऊन आले. मनाची तयारी करा. मेलेल्या माणसाला मनाची तयारी कर म्हणणारी मी पहिलीच असेन.

आपली केळी नेणारे ईश्वरप्पा आहेत ना उदगीरचे, ते गेल्या आठवड्यात बागेत आले होते. बोलता बोलता म्हणाले, आमच्या गल्लीत एक पोरगं आहे, समुद्रातून वाचून आलेलं. कुणाशी बोलत नाही, बरीच वर्षं कर्नाटकात होतं, आता आईसाठी परत आलंय. कंपनीनं त्या पोहून आलेल्या माणसाचा पत्ता आपल्याला कधी दिलाच नव्हता. मी दुसऱ्या दिवशी एसटी धरली. आबांना सांगितलं, माहेरी जाते.

मल्लिकार्जुन. तुमचा स्वयंपाक करायचा तो. सायकलच्या दुकानात बसतो आता. मी नाव सांगितलं तसा हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "बर्री अक्का, या. मी तुमचीच वाट बघत होतो आणि येऊ नये असंबी वाटत होतं."

त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. दर्याबेगमला दुरुस्तीसाठी दुसऱ्या बंदरात न्यायचं होतं. ओढून नेणारी बोट वाटेत बिघडली, तिला परत जावं लागलं, आणि तुम्हाला चौघांना खाडीच्या तोंडाशी उभं करून ठेवलं, सकाळी येतो म्हणाले. दुपारनंतर वारं सुटलं. फोनवर सगळ्यांना कळवून झालं, सगळे सकाळी म्हणत होते. कंपनीनं शोभा म्हणून जुनाच नांगर ठेवला होता, दोनशे वर्षांचा.

मी म्हटलं, "नांगर? जहाजावर कशाला नांगर?"

तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "अक्का, लोखंडाचा आकडा असतो की. साखळीला बांधून तळाला टाकतात, जहाज हलू नये म्हणून. मला तर लंगर म्हणायची सवय, पर कोकणचे खलाशी नांगरच म्हणतात. हरिओमभाऊबी तेच शिकले होते. तळाला खडक होता. नांगर धरत नव्हता."

नांगर धरत नव्हता.

अहो, शाळेत मी स्वतः वाचलंय, जहाज बंदरात नांगरलं. लाल पेनानं पत्र तपासणारी मी. इतकी वर्षं ते वाक्य ऐकत होते आणि एकदाही डोक्यात आलं नाही. आपल्या घरात नांगर एकच, त्याला दुसरा अर्थ असेल असं कुणाच्या बापाला वाटलं नाही. पुस्तकही पडलं इंग्रजी.

पुढचं ऐका. तुम्ही बाळंतिणीला घाबरवायचं नाही म्हणून मला फोन लावला नाही, आबांना लावलात. मल्लिकार्जुन म्हणाला, मदत मागायला नाही, नुसता बापाचा आवाज ऐकावा म्हणून. वारं इतकं होतं की फोन स्पीकरवर टाकला होता. तुम्ही म्हणालात, आबा, नांगर धरत न्हाई. तिकडून आबा म्हणाले, "नगं धरू. तिकडंच मर." आणि फोन बंद.

मी म्हटलं, यांना वाईट वाटलं असेल. तर मल्लिकार्जुन म्हणाला, "न्हाई अक्का. हसले. पोट धरून हसले. म्हणाले, आमच्या आबाला वाटलं मी वावरातल्या नांगराचं बोलून राहिलो. थांब, समजावून सांगतो." आणि परत लावलात. फोन बंद. परत लावलात. आबांनी रागानं फोन बंद करून कणगीत टाकला होता, तो दुसऱ्या दिवशी दुपारी काढला. बॅटरी संपेपर्यंत तुम्ही लावत होता म्हणे. मग साखळी तुटली आणि दर्याबेगम खडकावर गेली. मल्लिकार्जुननं तुम्हाला एकदा पाण्यात बघितलं. परत नाही बघितलं. एवढं सांगून तो रडला, मीही रडले. त्याच्या आईनं काही न विचारता आम्हाला चहा दिला.

तर मी मेलेल्याचीच बायको. ठरलं एकदाचं.

वर्षाराणी


अर्धापूर, २५ मे

अहो,

जाऊन आल्यापासून आबांच्या डोळ्याला डोळा देत नाही. ते बागेत पाणी लावत असतात, मी भाकरी घेऊन जाते, ठेवते, येते. सांगितलं तर पोरगा मेला हे कळेल, आणि पोरगा मरताना आपण त्याला मर म्हणालो हेही कळेल. एका वाक्यानं म्हाताऱ्याला दोनदा मारायचं. नाही सांगितलं तर ते सुखानं वाट बघत राहतील आणि आई दारात उभ्या राहतील.

आई आता जेवत नाहीत. दोन घास घेतात आणि तिसरा चौकटीशी ठेवतात. काल मला म्हणाल्या, "वर्षा, त्याला आत बी घेईनात आन वाटंला बी लावंनात. उभ्यानं किती दिस ऱ्हायील गं?" मी त्यांचे पाय चेपत होते. ते पाय सुजलेत. मला वाटलं, या बाईला तुमच्याआधी न्यायची वेळ येईल आणि मग तुम्ही कुणाच्या दारात उभे राहाल.

मला तुमचा राग येतो. रुसून गेला असता तर बरं झालं असतं. एखादी खरी सवत केली असती, रत्नागिरीत संसार थाटला असता, मी झिंज्या उपटायला तरी आले असते. लाकडाच्या बाईशी काय भांडू. तिनं तरी तुम्हाला मागितलं होतं का. तिला पडून राहू दिलं असतं चिखलात तर आणखी शंभर वर्षं राहिली असती. तुम्हीच तिला रंधा मारून उठवलंत.

सांगते मी आबांना. उद्या सांगते.

वर्षाराणी


नांदेड, ५ जून

अहो,

उद्या सांगते म्हटलं आणि आठ दिवस गेले. शेवटी केळीच्या बागेतच सांगितलं, सकाळी. आबा वाळलेली पानं कापत होते. मी म्हटलं, "आबा, जहाजाला बी नांगर असतो." मग उदगीरचं सगळं सांगितलं. साखळी, खडक, वारं.

आबांनी विळा खाली ठेवला नाही. तसाच धरून ऐकलं. सगळं झाल्यावर म्हणाले, "म्हंजी त्यो शेतीचं न्हाई बोलला."

"न्हाई आबा."

"मी काय म्हनलो व्हतो त्याला, तुला ठावं हाय?"

"हाव."

"त्ये त्याला ऐकू गेलं का?"

वाटलं, नाही म्हणावं. पण खरं सांगितलं, कारण खरं चांगलं होतं. "गेलं. आन हसले ते, आबा. पोट धरून हसले. म्हनले, आमच्या आबाला वाटलं मी वावरातल्या नांगराचं बोलून राहिलो."

आबा खाली बसले, ओल्या सरीतच. आधी मला वाटलं खोकून राहिलेत. हसत होते. "वावरातला नांगर," म्हणाले, "वावरातला नांगर." मग ते हसू कधी फिरलं कळलं नाही. तुमच्या बापाला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या पाठीवर हात ठेवायची सुनेला रीत नाही. मी ठेवला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्याच्या मायला सांग, करू म्हनावं."

आज गोदावरीच्या घाटावर केलं. भटजींनी पळसाच्या पानांचा तुमचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ. तुमचा निळा शर्ट घातला त्याला, बाह्या लांब झाल्या तर आईंनी त्या दुमडल्या. शिवांगीला घरी ठेवायचं म्हणत होते सगळे, मी आणली. तिला सांगितलं, पप्पा आता जहाजावर नाहीत. तिनं विचारलं, "मंग कुठं?" मी पुतळ्याकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, "ते तर पानं हायती." तिला म्हटलं, हाव, पानं हायती.

आबांनी अग्नी दिला. पानं ओली होती, धूर फार झाला, मग धरलं. आई घाटाच्या पायरीवर बसून होत्या आणि पहिल्यांदाच त्यांचं दाराकडं लक्ष नव्हतं, दारच नव्हतं तिथं. पुतळा निम्मा जळाला तेव्हा आबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. माझ्याकडं बघितलं नाही. जाळाकडं बघत हळू विचारलं, आईंना ऐकू जाऊ नये असं.

"त्याला कळलं व्हतं ना, मी चुकीचं ऐकलं म्हनून. मंग सांगाया फिरून लावला व्हता का त्यानं?"

अहो, त्यांना पक्कं ठाऊक आहे त्या रात्री फोन कुठं होता. कणगीतून त्यांनी स्वतःच्या हातानं काढला आहे.

मी म्हणाले, "न्हाई आबा. एकदाच लावला. हसत हसत कामाला लागले ते."

आबांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले आणि राखेवर घालायचं पाणी भरून ठेवायला कळशी उचलली.

मी खोटं बोलले, आणि घाटावर बोलले, जळत्या पुतळ्यासमोर. मल्लिकार्जुनला सांगून ठेवलंय, त्यानं आईची शपथ घेतली आहे. आता हे ठाऊक असलेलं आणखी एकच माणूस उरतं. तेवढं सांभाळा. किती वेळा लावलात ते आबांना कधीच सांगू नका.

तुमची,
वर्षाराणी